पिशवी काढली तरी युपीटी करा

पिशवीचं, म्हणजे गर्भाशय काढायचं, ऑपरेशन झालेल्या बाईचं पोट दुखलं, की आमच्याकडे तिला तीनच गोष्टी विचारतात. टाके दुखतात का, संडास साफ होते का, आणि वावरात कधीपासून जाऊन राहिली. चौथा प्रश्न कोणी विचारत नाही. मी ३१ वर्षं नर्सबाई म्हणून राळेगाव-कळंब भागातल्या उपकेंद्रांवर काढली, त्यातली पहिली २२ वर्षं मीही तो विचारला नव्हता. ऑपरेशनच्या आधी पाळी कधी आली होती, आणि तेव्हा दिवस राहिले असतील का? हा तो चौथा प्रश्न.

ऐकायला वेड्यासारखा वाटतो. पिशवीच नाही तर दिवस कुठे राहणार? मलाही असंच वाटत होतं.

पोळ्याच्या दोन दिवस आधीची गोष्ट. दुपारी दीडच्या सुमारास एका बाईला तिचा दीर आणि सासू बैलबंडीत आडवी टाकून घेऊन आले. वय ३३, दोन पोरी. नसबंदी केलेली नव्हती, कारण सासूला नातू पाहिजे होता. पाळीत फार जायचं, महिन्यातले पंधरा दिवस कपडा लागायचा. आखाडी झाल्यावर दहाएक दिवसांनी एका खाजगी दवाखान्यात पिशवी काढली. टाके सुकले, आणि पाचव्या आठवड्यात ती निंदायला गेली. त्या दिवशी पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) ओळीतच खाली बसली ती उठलीच नाही.

"सिस्टर, टाके तुटले वाट्टे हिचे," सासू म्हणाली. "मी म्हणत होतो तिले, जाऊ नोको एवढ्यात."

म्हणत नव्हती, पाठवत होती. ते असो.

टाके पाहिले, चांगले होते. पोट उजव्या बाजूला खाली हात लावू देत नव्हती. ओठ पांढरे, हात गार, नाडी ११८, बीपी ९० वर ६०. आणि एक गोष्ट ती सारखी सांगत होती, जी कोणी कानावर घेत नव्हतं: "खांदा दुखून राहिला व बाई, उजवा खांदा." सासू म्हणे निंदून निंदून दुखत असेल. पोटात रक्त साचलं आणि ते वर सरकून छाती-पोटामधल्या पडद्याला लागलं, की खांद्याच्या टोकाला कळ येते. हे मी प्रशिक्षणात शिकले होते, पण पिशवी असलेल्या बाईसाठी शिकले होते.

मी युपीटी, म्हणजे लघवीवरची गरोदरपणाची चाचणी, का केली, ते मला आजही नीट सांगता येत नाही. खरं तर डोकं चाललं नव्हतं, हाताला सवय होती. पोटात दुखणारी पाळीच्या वयाची बाई आली की आशा कार्यकर्ती लघवी घ्यायला लावते, मी कार्ड फोडते. दोन रेघा आल्या. मी दुसरं कार्ड फोडलं. त्यावरही दोन.

हे होतं कसं

आमच्या भागात बेंबळा धरणाच्या कालव्याचं पाणी येतं, म्हणून मी बायांना पाटचारीवरून समजावते. अंडाशयातून अंडं सुटतं ते नळीत येतं. पुरुषबीज त्याला नळीतच भेटतं. फळलेलं अंडं तीन-चार दिवस नळीतून सरकत सरकत पिशवीत पोचतं आणि मग रुजतं. आता समजा, पाणी पाटचारीत आहे आणि त्याच दिवशी कोणी पुढचं वावरच खोदून नेलं. पाणी कुठे जाईल? पाटचारीतच थांबेल.

तसंच झालं होतं. ऑपरेशनच्या चार-पाच दिवस आधी दिवस राहिले होते. अंडं नळीत होतं. डॉक्टरांनी पिशवी काढली. नळ्या आणि अंडाशय ठेवले. वय कमी असलं की अंडाशय ठेवतात, आणि ते बरोबरच आहे. गर्भ नळीतच रुजला आणि वाढत राहिला. नळी म्हणजे बोटाएवढी जाड, आत बारीकसा मार्ग. सहा ते आठ आठवड्यांचा गर्भ तिच्यात मावत नाही, आणि मग ती फाटते. मागच्या पाळीपासून मोजलं तर या बाईचे आठ आठवडे झाले होते.

दुसरी तऱ्हा अशी की ऑपरेशनला दोन, पाच, दहा वर्षं झाली आणि मग गर्भ राहतो. पिशवी काढल्यावर योनीचं वरचं टोक टाके घालून बंद करतात. ते टोक नीट जुळलं नाही, तिथे पू झाला, किंवा नळीचं टोक त्या टाक्यांत ओढलं गेलं, तर बारीक भोक राहू शकतं. त्यातून पुरुषबीज आत पोचतं. काही जणींचं गर्भाशयाचं तोंड ठेवून फक्त वरची पिशवी काढलेली असते. त्यांच्यात तर तोंडाची वाट असतेच. अंडाशय जागेवर आहेत, दर महिन्याला अंडं सुटतंच आहे, फक्त पाळी दिसत नाही.

हे दुर्मिळ आहे, हे आधी सांगून टाकते, नाहीतर वाचून अर्ध्या तालुक्यातल्या बायांची झोप उडेल. साधा नळीतला गर्भ शंभर गरोदरपणांत एक-दोन जणींना होतो, आणि गर्भ पिशवीबाहेर राहिला तर दहांतल्या नऊहून जास्त वेळा तो नळीतच असतो. पिशवी काढल्यानंतर असं होण्याची पहिली नोंद वेंडेलर नावाच्या डॉक्टरनं १८९५ साली केली. तेव्हापासून जगभरात छापून आलेल्या केसेस शंभराच्या आतच मोजल्या जातात. म्हणजे तुमचं पोट दुखत असेल तर बहुतेक वेळा दुसरंच काही असेल: लघवीचा जंतुसंसर्ग, आतड्याला पीळ, टाक्यांच्या जागी साचलेलं रक्त, अंडाशयावर गाठ. पण युपीटीचं कार्ड आशाकडे फुकट मिळतं आणि पाच मिनिटांत निकाल सांगतं. ते न केल्यामुळे बाई गेली, तर दुर्मिळ असण्याचा तिला काय उपयोग?

कोणाचं पोट दुखलं तर कार्ड फोडायचं

पन्नाशीच्या आतली बाई, पिशवी काढलेली, पण दोन्ही किंवा एक तरी अंडाशय ठेवलेलं. ऑपरेशनला दोन आठवडे झाले असोत की दहा वर्षं. दोन्ही अंडाशय काढलेले असतील तर नव्यानं गर्भ राहण्याचा प्रश्न उरत नाही. मात्र ऑपरेशन होऊन दोन-तीन महिनेच झाले असतील तर तिचीही तपासणी करा, कारण दिवस आधीच राहिलेले असू शकतात.

इथे घोळ असा आहे की आमच्याकडच्या बऱ्याच बायांना आपलं काय काढलं आणि काय ठेवलं, हेच माहीत नसतं. "सारं काढलं" म्हणतात. दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड पाहिलं तर नुसती पिशवी काढलेली असते. उलटही असतं. म्हणून तोंडी सांगण्यावर जाऊ नका. कागद नसेल तर अंडाशय आहेत असंच धरा.

दुसरा घोळ खुणांचा. नळीतल्या गर्भाची पहिली खूण म्हणजे पाळी चुकणं. इथे पाळीच नाही, तर चुकणार काय? उलट्या, छाती भरून येणं, अन्नाचा वास न साहणं, हे असतं, पण बाईच म्हणते औषधांनी होत असेल. उरतात त्या खुणा अशा: पोटात खाली, बहुधा एका बाजूला, अचानक उठलेली कळ. उठून उभं राहिलं की भोवळ. सारखं संडासला लागल्यासारखं वाटतं, पण होत नाही. खांद्याच्या टोकाला दुखणं, विशेषतः आडवं पडल्यावर. अंगावरून थोडं थोडं जाणं. ऑपरेशननंतर पहिल्या काही आठवड्यांत थोडं जाणं चालतं, पण जखम भरल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर ते कधीच साधं धरायचं नाही, मग कारण काहीही निघो.

सिकलसेल हा रक्ताचा आजार असलेल्या बायांकडे जास्त लक्ष द्या. आपल्या विदर्भात हा आजार घरोघरी नसला तरी गावोगावी आहे. सिकलसेलवाल्या बाईचं पोट दुखलं की घरचे म्हणतात, तिचं नेहमीचंच आहे, आणि गोळी देऊन निजवतात. तिचं रक्त आधीच कमी. दुसऱ्या बाईला सोसेल तेवढं रक्त गेलं तर तिला सोसत नाही.

कार्ड कसं करायचं ते आशाताईंना माहीत आहे, तरी सांगते. सकाळची पहिली लघवी सगळ्यात चांगली, पण बाई दुखण्यानं लोळत असेल तर कधीचीही चालते, सकाळची वाट पाहू नका. स्वच्छ वाटीत घ्यायची. साबण लागलेल्या नाही, आणि लोणच्याच्या तर मुळीच नाही (हे एकदा झालेलं आहे). कार्डावरच्या खळग्यात दोन-तीन थेंब, पाच मिनिटं थांबायचं. दोन रेघा म्हणजे आहे. दुसरी रेघ फिकी असली तरी आहे. फक्त कंट्रोलची, म्हणजे C जवळची, रेघ म्हणजे नाही. एकही रेघ नाही, किंवा कंट्रोलची सोडून दुसरीच आली, तर कार्ड खराब, नवं घ्या. आणि दुखणं भयंकर असेल, बाई पांढरी पडत असेल, तर एक रेघ आली तरी तिला पाठवाच. कार्ड कधी चुकतं, ओठ पांढरे पडलेले चुकत नाहीत.

दोन रेघा आल्या म्हणजे गर्भच, असंही नाही. काही गाठींमुळे, आणि पाळी जायच्या वयात कधी कधी तसंही, कार्ड लघवीतलं जे द्रव्य ओळखतं ते थोडं वाढतं. पण तो तपास मोठ्या दवाखान्याचा. आपल्याला एवढंच ठरवायचं आहे की बाई आज घरी राहणार की जाणार. दोन रेघा आल्या की ती जाणार.

गाडी येईपर्यंत

१०८ ला फोन करा. गावाचं नाव सांगताना जवळची खूण सांगा: मारुतीचं देऊळ, जिनिंग, वळणावरची शाळा. आमच्याकडे एकाच नावाची दोन-दोन गावं आहेत, एक बुद्रुक एक खुर्द, आणि गाडी खुर्दला जाऊन उभी राहते. एक माणूस फाट्यावर उभा करा.

बाईला सपाट निजवा, पाय उशीवर नाहीतर गोणपाटाच्या गुंडाळीवर थोडे वर. अंगावर चादर. तोंडानं काही देऊ नका: चहा नाही, साखरपाणी नाही, गोळी नाही. थोड्या वेळानं तिला भूल द्यावी लागणार आहे. ओठ सुकले तर ओल्या कपड्यानं पुसा. सासवांना हे कठीण जातं. पोट दुखणाऱ्या बाईला चहा न देणं म्हणजे त्यांना दुष्टपणा वाटतो. त्यांना काम सांगून बाहेर पाठवा. मी त्या दिवशी त्या सासूला फाट्यावर पाठवलं.

पोट चोळायचं नाही. हे मोठ्यानं सांगावं लागतं, कारण प्रत्येक गावात एक बाई असते जी बेंबी सरकली म्हणते आणि तेलाचे हात लावून पोट दाबते. तशीच एरंडेल देणारीही असते. विटकरीचा शेक नाही, एनिमा नाही.

उपकेंद्रात नर्सबाई असेल तर तिनं शीर धरून ठेवावी. हिरवी १८ नंबरची सुई, मिळाली तर करड्या रंगाची १६ नंबरची, आणि आरएलची सलाईन लावावी. बीपी खाली गेलं की शीर सापडत नाही, म्हणून गाडीची वाट पाहत बसू नये. दर दहा मिनिटांनी नाडी आणि बीपी लिहून ठेवावं, कागदावर, वेळेसकट. तो कागद बाईच्या सोबत जाऊ द्या.

रक्तगटाची चिठ्ठी शोधा. सोबत दोन-तीन जवान माणसं पाठवा, रक्त द्यायला. दारू पिऊन आलेला चालत नाही, हे आधीच सांगा. पोळ्याच्या आठवड्यात तर मी तोंडं हुंगूनच माणसं निवडली.

आणि पिशवी घ्या, म्हणजे कागदांची पिशवी. डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनच्या वेळचे रिपोर्ट, काढलेली पिशवी तपासायला पाठवली असेल तर त्याचा रिपोर्ट. बायका हे कागद तांदळाच्या डब्यात, गादीखाली, देवाच्या फोटोमागे ठेवतात. आमच्या बाईचं कार्ड तिच्या मोठ्या पोरीनं वह्यांना कव्हर घालायला घेतलं होतं. भूगोलाच्या वहीवरून काढलं.

दवाखान्यात काय बोलायचं

हा भाग मी सगळ्यात जास्त वेळा सांगते, कारण बाई इथेच अडकते. जिल्ह्याला पोचल्यावर ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरनं सोबतच्या आशाला विचारलं, काय झालं? आशा म्हणाली, हिच्या पोटात दुखते, पिशवीचं ऑपरेशन झालं. झालं. त्यानं टाक्यांचं दुखणं लिहिलं आणि सर्जरीच्या बाकावर बसवलं. मग आशानं युपीटी पॉझिटिव्ह आहे म्हटलं तर तो हसला. "पिशवी नाही तर प्रेग्नन्सी कशी असेल, ताई?"

त्याला दोष देत नाही. माझ्या आशानं मात्र मी पढवलेलं वाक्य बोलून दाखवलं, आणि दोन रेघांचं कार्ड त्याच्या टेबलावर ठेवलं. ते वाक्य असं. पाठ करा:

"पिशवी काढली आहे, पण अंडाशय आणि नळ्या आहेत. युपीटी पॉझिटिव्ह आहे. चक्कर येतेय, खांदा दुखतोय. पोटात रक्त असेल का, सोनोग्राफी करून पाहता का?"

यातला शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. पोटात मोकळं रक्त आहे की नाही, हे सोनोग्राफीत दोन मिनिटांत कळतं. गर्भ दिसायला वेळ लागेल, कधी दिसणारही नाही, पण रक्त दिसतं. त्या दिवशी दिसलं. मोठ्या डॉक्टरीणबाई धावत आल्या. उजवी नळी फाटलेली होती, पोटात दीडेक लिटर रक्त, हिमोग्लोबिन ५.८. नळी काढली, तीन बाटल्या रक्त चढवलं.

बाई धड असेल, रक्त साचलं नसेल, तर डॉक्टर लगेच चाकू लावतीलच असं नाही. बीटा एचसीजी नावाची रक्ताची तपासणी करतात, ४८ तासांनी पुन्हा करतात आणि आकडा किती वाढला ते पाहतात. गर्भ लहान असेल तर मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन देऊन तो विरघळवता येतो. असं इंजेक्शन दिलं असेल तर घरी आल्यावरच्या दोन-तीन गोष्टी आमच्या भागात हमखास चुकतात. एक, आशाने दिलेल्या लोहाच्या लाल गोळ्या. त्यांत फोलिक ॲसिड असतं, आणि ते या औषधाच्या उलट काम करतं. डॉक्टर पुन्हा सुरू करा म्हणेपर्यंत त्या बंद. आशाताईंना वाटतं, रक्त कमी आहे तर गोळ्या दिल्याच पाहिजेत, इथे नाही. दोन, अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून आणून खाऊ नयेत. तीन, आठवड्याला रक्त तपासायला जायचं, आकडा शून्याच्या जवळ येईपर्यंत. बरं वाटलं म्हणून बाई जात नाही आणि नळी तिसऱ्या आठवड्यात फाटते. एसटीचं तिकीट बायांना आता अर्धं आहे, तेवढं कारण कमी झालं.

रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी चं इंजेक्शन (पुढच्या लेकराला धोका होऊ नये म्हणून देतात ते) द्यायचं का, ते डॉक्टरांना विचारा. आता पुढे लेकरू होणारच नाही तर काय करायचं, असं कोणी म्हणेल; उत्तर डॉक्टरांकडूनच घ्या.

घरातला हिशोब

याबद्दल कोणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. ऑपरेशननंतर दोन महिने नवऱ्यानं जवळ जायचं नाही असं सांगितलेलं असतं, आणि चांगले नवरे ते पाळतातही. मग पाच-सहा आठवड्यांनी कळतं की बायको गरोदर आहे. आणि पिशवी नाही! गावाला दुसरं काय पाहिजे.

जिल्ह्याहून परत आल्यावर दहा दिवसांनी त्या बाईचा नवरा माझ्याकडे आला. बसला नाही, उभाच राहिला. "सिस्टर, मी तिच्याजवळ गेलोच नाही ऑपरेशनपासून. मंग हे कोणाचं?" त्याच्या आईनं बोटांवर मोजून दिलं होतं.

मी भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढलं. ऑपरेशनच्या तारखेला पेनानं गोल केला. त्याच्या मागे पाच दिवस मोजले, तिथे दुसरा गोल. म्हटलं, हे पहा, आखाडीचा बाजार झाला त्या आठवड्यात कुठे होता तुम्ही? घरीच होतो, म्हणाला. मग मी पाटचारी काढून दाखवली. बराच वेळ पाहत राहिला. मग विचारलं, "म्हणजे दवाखान्यात नेलं तेव्हाच ते आत होतं?" हो म्हटलं. "मंग त्याईनं पाहिलं काहून नाही?"

त्याचा प्रश्न बरोबर होता. आशाताईंनो, तुमच्याकडे असा नवरा आला तर त्याला तारखा मोजून दाखवा. नुसतं "असं होऊ शकतं" म्हटलं तर त्याला ते झाकणं वाटतं. आणि हे बाईच्या सासूसमोर करा, कारण संशय बहुधा तिथूनच सुरू झालेला असतो. ऑपरेशनला वर्षं झालेल्या बाईच्या बाबतीत तारखांचा हिशोब चालत नाही. तिथे टाक्यांतल्या बारीक भोकाची गोष्ट सांगायची आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकवायची.

ऑपरेशनच्या आधी

त्या नवऱ्यानं विचारलेल्या, दवाखान्यात आधी पाहिलं का नाही, या प्रश्नाचं उत्तर असं. ऑपरेशनच्या दिवशी युपीटी केली असती तरी ती कदाचित निगेटिव्ह आली असती. गर्भ रुजल्याशिवाय ते द्रव्य लघवीत उतरत नाही, आणि रुजायला अंडं सुटल्यापासून सहा ते बारा दिवस लागतात. म्हणून नुसती युपीटी पुरेशी नाही, तरी ती करून घ्याच. त्याच्या जोडीला, ऑपरेशन पाळी संपल्यावर लगेचच्या दिवसांत ठेवायला सांगा. आणि त्या आधीच्या पाळीपासून ऑपरेशनपर्यंत निरोध वापरा किंवा दूर राहा. ज्यांना महिनाभर जातच असतं त्यांना पाळी कुठली आणि रक्तस्राव कुठला हेच कळत नाही. त्यांनी तर जास्तच जपावं.

पिशवी काढायला हो म्हणण्याआधी डॉक्टरांना विचारा: अंडाशय ठेवणार का? नळ्या काढणार का? गर्भाशयाचं तोंड ठेवणार का? आजकाल पिशवीसोबत दोन्ही नळ्या काढून टाकायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. त्यानं पुढे अंडाशयाच्या कॅन्सरचा धोकाही कमी होतो, आणि नळीच नसली तर तिच्यात गर्भ अडकत नाही. लेकरं झालेल्या बाईला नळ्यांचा दुसरा उपयोग नाही. डॉक्टरांना आवडो न आवडो, विचारायचं.

आणि त्याच्याही आधी विचारा, पिशवी काढलीच पाहिजे का. जास्त जातं, पांढरं जातं, कंबर दुखते म्हणून तिशीत पिशवी काढून बसलेल्या किती तरी बाया मी पाहिल्या. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायांची बातमी आली तेव्हा लोक हळहळले; आपल्याकडे ऊस नाही, पण बाया त्याच आहेत. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२३ मध्ये गरज नसताना पिशव्या काढण्याबद्दलच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना सगळ्या राज्यांनी लागू कराव्यात असं सांगितलं आहे. गोळ्यांनी भागतं का, पिशवीत बसवायच्या औषधाच्या कॉपर-टी सारख्या साधनानं भागतं का, हे दुसऱ्या डॉक्टरांना विचारा. यवतमाळचं सरकारी मेडिकल कॉलेज आहे. वर्ध्याकडच्या बायांना सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आहे, तिथलं मेडिकल कॉलेज १९६९ पासून खेड्यातल्या माणसांसाठीच सुरू केलेलं. एक दिवसाची मजुरी बुडेल, बुडू द्या.

नसबंदी झालेल्या बायांना एक वेगळं सांगायचं आहे, कारण ते पिशवीच्या गोष्टीपेक्षा किती तरी जास्त वेळा घडतं. नसबंदीनंतर गर्भ राहणं क्वचित, पण राहिला तर तो नळीत असण्याची शक्यता फार. अमेरिकेत १९९६ साली छापलेल्या एका मोठ्या पाहणीत नसबंदीनंतर राहिलेल्या गर्भांपैकी साधारण तीनात एक पिशवीबाहेर होता. म्हणून नसबंदीवाल्या बाईची पाळी चुकली आणि पोट दुखलं तर तिलाही वर सांगितलं तसंच सगळं.

रजिस्टर

शेवटी नर्सबाई आणि आशांसाठी. पात्र जोडप्यांच्या, म्हणजे लेकरू होण्याच्या वयातल्या नवरा-बायकोंच्या, रजिस्टरमध्ये बाईनं पिशवी काढली की आम्ही लाल पेननं तिच्या नावावर रेघ मारायचो. मग तिच्याकडे कोणी पाळीची तारीख विचारायला जात नसे, कार्ड घेऊन जात नसे, तिचं घर गृहभेटीतून सुटत असे. त्या बाईचं नाव मी ऑपरेशननंतर आठच दिवसांत कापलं होतं. रजिस्टर उघडून पाहिलं तेव्हा ती लाल रेघ माझ्याच हातची होती.

त्यानंतर मी रेघ मारणं सोडलं. नावापुढे पेन्सिलनं लिहायला लागले: पिशवी नाही, अंडाशय दोन, नळ्या दोन, तोंड नाही, ऑपरेशनची तारीख, आधीच्या पाळीची तारीख. डिस्चार्ज कार्डावर हे लिहिलेलं नसलं तर बाईला परत पाठवून डॉक्टरांकडून लिहून आणायचं. ऑपरेशननंतर पहिले तीन महिने दर गृहभेटीत दोन प्रश्न: पोटात दुखतं का, अंगावरून जातं का. त्यानंतर वर्षातून एकदा. पेन्सिलनं यासाठी, की पुढे दुसरं ऑपरेशन झालं आणि नळ्याही गेल्या तर खोडून बदलता येतं. त्या बाईच्या ओळीत मी खोडून लिहिलं: नळी एक, डावी.